चार तारा इकडे, चार तारा तिकडे

वहिनी : अप्पा, भिंतीपलीकडच्यांना सांगा, चोरी करायची तर माझं काम संपल्यावर करा. दिवसाढवळ्या तरी नको.

धाकटा : अप्पा, भिंतीपलीकडच्यांना सांगा, चोराच्या उलट्या बोंबा. काल माझा संगणकावरचा खेळ ऐन वेळी अडकला. मी हातात बंदूक घेऊन पुतळ्यासारखा उभा, आणि समोरचा सावकाश चालत आला, इकडेतिकडे बघितलं आणि मला मारून गेला. का? तर ह्यांचे सिनेमे वर चढत होते.

अप्पा : अरे, तुम्ही दोघं माझ्या खोलीत, माझ्याच पलंगावर बसला आहात. मध्ये काय तो मी. एकमेकांचं ऐकू येतंय तुम्हाला. मी काय टपालखातं आहे?

वहिनी : टपालखातं परवडलं. उशिरा का होईना, पोचवतं. माझी फाईल सकाळपासून निघालीय, अजून निम्म्यावर रडतेय.

धाकटा : इंटरनेटचा पाचशेचा वेग घेतलाय म्हणे आपण. पाचशे! कागदावर.

वहिनी : अप्पा, मस्करी बाजूला ठेवा. आज संध्याकाळपर्यंत ही फिल्म पोचली नाही तर माझी नोकरी गेली असं समजा. साहेब काल फोनवर गोड बोलला. तो गोड बोलला की मला घाम फुटतो. म्हणाला, "घरून जमत नसेल तर इकडे या, ऑफिसात बसून फिल्मचं जोडकाम करा." त्याचं 'इकडे' म्हणजे दुसऱ्या गावी. म्हणजे मी तिथे, तुमचा थोरला इथे ड्युटीवर, आणि आमच्या अर्ध्या घराला कुलूप.

धाकटा : अप्पा, विचारा त्यांना, मग भिंत पाडून टाकायची का? जागा होईल.

वहिनी : बघितलंत? मी बुडतेय, आणि हे पाण्याचं माप घेतायत.

अप्पा : माप घेणं वाईट नाही. आधी माप, मग आरोप. मी सबंध नोकरीत हेच केलं. वजनकाटा न तपासता एकाही दुकानदाराला चोर म्हटलं नाही.

धाकटा : बरोबर. त्यांना म्हणावं, लॅपटॉप आणलाय ना खाली, तो थेट ह्या राउटरला लावा. वायरीने. आणि वेग मोजा.

वहिनी : हा काय, लावला. फिरतंय... फिरतंय... अगं बाई!

धाकटा : किती?

वहिनी : चारशे ऐंशी.

धाकटा : काहीतरीच. बघू. ...चारशे ऐंशीच आहे, राव. म्हणजे कंपनी देतेय.

वहिनी : आणि मी कंपनीच्या त्या फोनवरच्या पोरीला आठवडाभर टाकून बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

धाकटा : ती म्हणाली असेल, बंद करून चालू करा.

वहिनी : दर वेळी. शेवटी मी म्हटलं, बाई गं, मी स्वतः रोज रात्री बंद होते आणि सकाळी चालू होते, माझ्यात काही फरक पडलाय का?

अप्पा : मग सूनबाई, इथेच बसून काम कर की. वेग आहे, पंखा आहे.

वहिनी : तुमच्या उशाशी? दोन पडद्यांचं ते धूड घेऊन? अप्पा, ते लोक तिकडून थेट माझं काम बघत असतात, माझा आवाज ऐकत असतात. दुपारी नायिका हुंदके देतेय आणि मागून तुमचं घोरणं. दुःखद प्रसंगाचा विनोदी व्हायचा.

अप्पा : मी घोरत नाही.

धाकटा : अप्पा, तुमचं घोरणं भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखं पोचतं. तेवढी एकच वाटणी घरात बरोबर झाली.

अप्पा : माझी प्रत्येक वाटणी बरोबर झाली! तुम्ही दोघे भाऊ भांडलात, मी वरचा मजला मधोमध कापला. खिडक्या सारख्या, नळ सारखे, दोघांना वेगळे जिने, आणि पायऱ्यासुद्धा सारख्या. व्यापारी माझी चाहूल लागली की तराजू पुसायला घ्यायचे, आणि घरात म्हणे मला वाटणी जमली नाही!

धाकटा : बरं बरं, जमली. आता असं करू. मी माझ्याकडची वायर काढूनच खाली आलोय. म्हणजे मी काही खात नाही. त्यांना म्हणावं, वर जाऊन त्यांच्याकडे मोजा.

वहिनी : चालले. माझ्या माघारी वायर परत लावू नका म्हणावं.

धाकटा : मी इथून हललो तर अप्पा साक्षीला आहेत.

अप्पा : मी साक्षीला आहे. जा गं.

धाकटा : तुम्हाला काय वाटतं अप्पा, खरंच जातील त्या दुसऱ्या गावी?

अप्पा : तू विचार की तिला. जिना वेगळा आहे, जीभ एकच आहे.

धाकटा : मी कशाला विचारू?

वहिनी : अप्पा, वरून ओरडतेय! ऐकू येतंय? चौऱ्याण्णव!

धाकटा : किती?

वहिनी : चौ-ऱ्या-ण्णव! खाली चारशे ऐंशी आणि वर चौऱ्याण्णव! जिना चढताना मी दमते, इंटरनेट माझ्याहून दमतंय!

धाकटा : माझी वायर काढलेली असून? आणि माझ्याकडेही काल चौऱ्याण्णवच होते.

अप्पा : अरे वा. सारखे.

धाकटा : यात वा काय आहे, अप्पा?

वहिनी : म्हणजे ते चोर नाहीत, अप्पा! सांगा त्यांना!

धाकटा : उपकार झाले म्हणावं! दोष वायरीत आहे. भिंतीतून जी वर जाते ना, तिच्यात. अप्पा, हे यंत्र घ्या. ऑफिसातल्या वायरमनकडून मागून आणलंय. झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करतो म्हणून काय झालं, वायर मलाही कळते. राउटरला वर जाणारे दोन प्लग आहेत, त्यातला ह्यांचा काढायचा आणि यंत्राच्या ह्या भोकात घालायचा. दुसरा तुकडा मी वर त्यांच्या सॉकेटला लावतो. वायरीत आठ तारा असतात, दिवेही आठ. जी तार धड, तिचा दिवा पेटतो. कळलं?

अप्पा : म्हणजे तू तिच्या खोलीत जाणार?

धाकटा : सॉकेट तिथे आहे तर तिथेच जावं लागणार. खिडकीतून काठीने थोडंच लावता येतंय.

अप्पा : बराच काळ गेला नाहीयेस.

धाकटा : अप्पा, यंत्र धरा. उलटं धरलंय तुम्ही.

वहिनी : या. चप्पल बाहेर राहू दे, आत सगळ्या वायरी पसरल्यात. आणि भिंतीला हात लावू नका, स्पंज आहे. आवाज घुमू नये म्हणून.

धाकटा : माहितेय. माझ्याच खोलीच्या भिंती आहेत ह्या. मी ट्रेनिंगला गेलो तेव्हा निळ्या होत्या. परत आलो तर माझ्या खोलीला गादी फुटली होती.

वहिनी : पत्र पाठवून विचारायचं होतं का? ह्यांनी तुम्हाला फोन केला होता.

धाकटा : दादाने फोनवर विचारलं, "खोली थोडी वापरली तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. थोडी! कोपरा वापरतील, असं मला वाटलं. सॉकेट कुठंय?

वहिनी : टेबलामागे. वाकावं लागेल.

धाकटा : एक मिनिट. ती खिडकी कशाने झाकलीय?

वहिनी : कशाने म्हणजे? उजेड पडद्यावर येतो. रंग नीट दिसत नाहीत.

धाकटा : तो माझा कॅरम आहे.

वहिनी : आहे.

धाकटा : माझ्या कॅरमचं तुम्ही खिडकीचं दार केलंत?

वहिनी : भंगारात तरी दिला नाही ना? ह्यांनी काढलाच होता बाहेर. मी म्हटलं, राहू दे, धाकटे जीव टाकायचे त्याच्यावर. मग नुसता पडून राहिला असता, त्यापेक्षा कामाला लावला. जसं मी ह्या घरात सगळ्यांना लावते.

धाकटा : कोपऱ्यावर माझं नाव अजून आहे.

वहिनी : बघत काय बसलात? वाका.

धाकटा : अप्पा! बटन दाबा! दाबलं? हां. एक पेटला. दोन पेटला. तीन पेटला. चार... चार नाही. पाच नाही. सहा पेटला. सात, आठ, दोन्ही मेलेत.

वहिनी : म्हणजे?

धाकटा : म्हणजे आठातल्या चारच तारा जिवंत. चारांवर शंभराच्या आतच चालतं. पाचशेला आठही लागतात. बाकीच्या चार तुटल्यात कुठेतरी. खिळा! हा स्पंज ठोकताना दादाने खिळे मारले ना?

वहिनी : स्पंज डिंकाने चिकटवलाय. खिळा तुमच्या बाजूचा असेल. ती गुद्दे मारायची पिशवी टांगलीय ना तुम्ही, बदाबदा मारत असता. रोज संध्याकाळी मला वाटतं, भूकंप झाला.

धाकटा : ती छताला टांगलीय. भिंतीला नाही.

वहिनी : मग उंदीर.

धाकटा : उंदीर असू शकतो. थांबा, माझ्या बाजूने बघतो. अप्पा, आता दुसरा प्लग लावा, माझा! मी पलीकडे जातोय! ...वेगळ्या जिन्याने. खाली उतरून, अंगण ओलांडून, परत वर. धन्य ती वाटणी.

अप्पा : लावला रे! आता काय?

वहिनी : अप्पा, मी खाली आलेय तुमच्यापाशी. वर बसून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. फाईल निम्म्याच्या थोडी पुढे सरकलीय.

अप्पा : सूनबाई, तू जाणार नाहीस ना खरंच?

वहिनी : मला हौस नाही अप्पा. पण ह्या वयात दुसरं कोण घेणार मला? पोरं फोनवर जोडतात हल्ली फिल्म. एकदा हे हातचं गेलं की मी घरी बसून तुमची भिंत बघणार.

धाकटा : अप्पा! एक पेटला! दोन! तीन! चार नाही, पाच नाही! सहा पेटला! सात नाही, आठ नाही!

वहिनी : अहो, हेच तर माझ्याकडे होतं.

धाकटा : खाली येतोय!

वहिनी : एक, दोन, तीन, सहा. माझ्याकडेही आणि त्यांच्याकडेही. हा कुठला उंदीर म्हणायचा?

धाकटा : आलो. बरोब्बर त्याच चार तारा. इकडच्या चार खाल्ल्या, तिकडच्याही त्याच चार. उंदीर एवढा न्यायी असतो का?

वहिनी : ह्या घरात एकच प्राणी एवढा न्यायी आहे.

धाकटा : अप्पा.

वहिनी : अप्पा, चष्मा तिसऱ्यांदा पुसताय. काचा झिजतील.

अप्पा : मला कुणी विचारलंच नाही.

धाकटा : आता विचारतो. भिंत झाली तेव्हा वायर तुम्ही टाकलीत. किती टाकल्यात?

अप्पा : एक.

धाकटा : दोन घरांना एक?

अप्पा : पाइप बारीक होता. दुसरी वायर जाईना. मग मी ती सोलून बघितली. आत आठ तारा. रंगीत, सुरेख, जोडीजोडीने पीळ दिलेल्या. म्हटलं, हे बरं झालं. चार थोरल्याला, चार तुला. वर सॉकेट दोन, खाली प्लग दोन. एकही तार कमी नाही, एकही जास्त नाही. आठ भागिले दोन.

वहिनी : देवा.

अप्पा : दुकानदाराला विचारूनच केलं मी! म्हटलं, चार तारांवर इंटरनेट चालतं का? म्हणाला, चालतं.

धाकटा : चालतंच आहे. पळतं का, ते विचारायचं होतं!

अप्पा : आणि एकाला आठ, एकाला काहीच नाही, असं केलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.

धाकटा : घेतलं असतं.

वहिनी : आणि आमचे हे तर तडक वकील गाठायला निघाले असते. चार तारांसाठी.

अप्पा : मग? माझं काय चुकलं?

वहिनी : काही नाही अप्पा. दोन भाऊ, एक गाय, तुम्ही मधोमध कापलीत आणि आता विचारताय, दूध का देत नाही. वजन बरोबर भरलं, एवढंच.

अप्पा : टोमणे मारू नकोस. उपाय सांगा.

धाकटा : उपाय आहे. आठही तारा एकाच सॉकेटला जोडायच्या. म्हणजे पूर्ण वेग वर येईल. मग तिथे एक डबी लावायची, पाच भोकांची. माझ्याकडे आहे. एक भोक माझं, एक ह्यांचं. एकाच वायरीवर दोघं, आणि दोघांनाही आजच्या पाचपट.

वहिनी : मग वाट कसली बघताय?

धाकटा : डबीला वीज लागते. ती कुणाच्या तरी बाजूला ठेवावी लागणार. ज्याच्या बाजूला डबी, त्याच्या हातात बटन.

अप्पा : हां. हा प्रश्न आहे.

वहिनी : आला प्रश्न. अप्पांचे डोळे बघा कसे चमकले.

अप्पा : पंधरवडा इकडे, पंधरवडा तिकडे. नाहीतर भिंतीच्या बरोब्बर मध्ये कोनाडा करू, दोन्हीकडून जाळी. कुलपाच्या दोन किल्ल्या...

धाकटा : अप्पा, ती डबी आहे. देव बसवायचा नाहीये.

वहिनी : तुमच्याकडे ठेवा.

धाकटा : काय?

वहिनी : डबी तुमच्याकडे ठेवा, भावजी. बटन तुमच्या हातात. अप्पांना मध्ये घालायला आता वेळ नाही, म्हणून सरळ तुमच्याशी बोलतेय.

अप्पा : पण सूनबाई, थोरल्याला विचारलंस का?

वहिनी : त्यांना विचारलं की ते आधी भिंतीकडे बघतात आणि मग उत्तर देतात. मी रात्री सांगेन. आदळआपट करतील, मग रोजचं विचारतील, "धाकटा जेवला का गं?" रोज विचारतात. मला! मी काय भिंतीतून बघते?

धाकटा : दादा विचारतो?

वहिनी : जाऊन विचारायला त्यांचे पाय दुखतात. दोन जिने पडतात ना मध्ये.

धाकटा : पण उद्या माझं आणि दादाचं पुन्हा वाजलं, आणि मी रागाच्या भरात बटन ओढलं तर? तुमचं काम जाईल.

वहिनी : जाईल. मग मी जिना उतरून, अंगण ओलांडून, तुमचा जिना चढून येईन आणि दार ठोठावीन. तोपर्यंत तुमचा राग उतरला असेल, नाहीतर मला दम लागलेला बघून तरी उतरेल. लहानपणी पाढे चुकल्यावर मी कान धरायचे तुमचा, तेव्हाही तुम्ही आधी रुसायचात आणि मग पाणी आणून द्यायचात. उठा आता. साहेब थांबलाय.

अप्पा : मग मी काय करू?

धाकटा : तुम्ही हे दोन प्लग माझ्या हवाली करा आणि पकड आणा. आणि अप्पा, कृपा करून काही वाटू नका.

(वर. सॉकेटच्या पट्ट्या दोन्हीकडून काढलेल्या. बोलणं भिंतीतल्या भोकातून.)

धाकटा : डबीतून निघालेल्या वायरीचं टोक भोकातून ढकललंय. मिळालं का?

वहिनी : मिळालं. बोट दिसतंय तुमचं. नखं कापा.

धाकटा : लावा संगणकाला. आठही तारा नीट बसल्यात, खाली अप्पांनी दिवे मोजले. मोठ्याने, दोनदा.

वहिनी : ऐकलं. गल्लीने ऐकलं. ...लागला. फिरतंय. भावजी!

धाकटा : किती?

वहिनी : चारशे सत्तर! आणि फाईल... अहो, पळतेय हो! बघता बघता! साहेबाचा निरोप आला, "दिसू लागलं." लागलं! अय्या, मला रडूच यायला लागलंय.

धाकटा : रडा बिनधास्त. स्पंज आहे, आवाज घुमणार नाही.

वहिनी : मेला टोमणा. तो कॅरम घेऊन जा तुमचा. उद्या खिडकीला पडदा शिवते.

धाकटा : राहू दे. उजेडाने रंग चुकतात ना तुझे? ...पट्टी बसवू का आता? भोक बंद करतो.

वहिनी : राहू दे थोडा वेळ उघडं. फाईल पोचेपर्यंत. आणि तोवर त्या बटनाच्या आसपास फिरकू नका.

धाकटा : नाही फिरकत. हाताची घडी घालून बसलोय.

वहिनी : आणि तोंडावर बोट?

धाकटा : ते ठेवलं तर तुझ्याशी बोलू कसा, वहिनी?